‘वर्षे’मधला रफार

स्काउट पथकाच्या सरांनी कागद टेबलावर पसरला. तीन इंचांच्या वर्तुळात किल्ला होता, तंबू, शेकोटी, कडुनिंबाचं झाड, स्काउटचं त्रिदल चिन्ह, पथकाचं पूर्ण नाव आणि खालच्या कडेने ‘सेवेची ५० वर्षे’. “मुलांनी काढलंय, ताई. यंदा पथकाला पन्नास वर्षं होतायत. एकशेवीस पॅच लागतील.”

विश्रांतवाडीत माझं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं छोटं दुकान आहे. एका हेडचं, १२ सुयांचं मशीन. शाळेच्या गणवेशांचे खिसे, कंपन्यांचे टी-शर्ट, लग्नसराईत ब्लाउजच्या बाह्या, यांवर दुकान चालतं. पण स्काउटचं काम आलं की मी बाकीचं बाजूला ठेवते.

आठवीत मी गाइड होते. आमच्या बाई आम्हाला आळंदी रस्त्यावरच्या ‘संगम’मध्ये घेऊन गेल्या होत्या. जगभरच्या गाइड मुलींसाठीचं हे केंद्र १९६६ साली लेडी ओलाव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते सुरू झालं. तिथे एका परदेशी मुलीकडे शेकोटीजवळ पांघरायची घोंगडी होती. घोंगडीवर इतके पॅच शिवलेले की खालची लोकर दिसत नव्हती. तिने जवळच्या जादा पॅचमधला एक माझ्या हातात ठेवला आणि हसत उभी राहिली. तिला बदल्यात माझा हवा होता. आमच्या पथकाचा असा काही पॅचच नव्हता. मी स्कार्फचं सुतळीचं वॉगल काढून दिलं. ती खूश झाली, मी मात्र घरी येईपर्यंत रडू आवरत होते. तिचा तो पॅच आजही माझ्या बॉबिनच्या डब्यात आहे.

म्हणून सरांना म्हटलं, मुलांना शनिवारी इकडेच पाठवा.

सातजण आले. त्रिदल चिन्ह सरांनीच आधी काढून टाकलं. अधिकृत चिन्हं आपल्या मनाने छापायची नाहीत, आणि गणवेशावरही ठरलेल्याच खुणा लावायच्या, हे त्यांनी मुलांना सांगितलं. आपला पॅच दप्तरावर आणि घोंगडीवर जाणार. मग त्यांनी १९०७ सालची ब्राउन्सी बेटावरची गोष्ट सांगितली. बेडन-पॉवेल यांनी स्काउटच्या त्या पहिल्या शिबिरात मुलांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येकीला खांद्यावर लावायला वेगळ्या रंगाची लोकरीची गाठ दिली. लांडग्यांची निळी, बैलांची हिरवी. मी कितीतरी वर्षं बिल्ले करते आहे, पण सुरुवात नुसत्या रंगीत धाग्याची होती हे त्या दिवशी कळलं.

मी त्यांना मशीनजवळ घेतलं. कागदावर पेन्सिल कितीही बारीक चालते. आमचा चाळीस नंबरचा धागा ०.४ मिलिमीटरची जागा अडवतो. त्याहून बारीक फट ठेवली तर ती बुजते. शिवाय टाका ओढला जातो तसं कापडही आक्रसतं, त्यामुळे पंचिंग करताना, म्हणजे चित्र टाक्यांच्या फाइलमध्ये उतरवताना, गोल काढला तर शिवून लंबगोल येतो. त्याची भरपाई आधीच धरावी लागते. मुलं कान देऊन ऐकत होती. एकाने तर किल्ल्याचे बुरूज तिथल्या तिथे खोडरबराने पुसायला घेतले.

तरी पहिला नमुना बिघडला. तंबू ठीक, झाड सुंदर, पण ‘वर्षे’ वाचताच येईना. ‘षे’च्या डोक्यावर रफार आणि मात्रा शेजारीशेजारी, खाली ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ. सहा मिलिमीटर उंचीत हे सगळं मिळून एक गाठोडं झालं होतं. सॉफ्टवेअरमधले तयार टाइप बहुतेक रोमन अक्षरांसाठी केलेले असतात. देवनागरी हाताने पंच करावं लागतं, आणि गोलाईवर तर शिरोरेषाही अक्षराअक्षराला वळवावी लागते. साठ नंबरचा बारीक धागा आणि बारीक सुई लावून पाहिली. थोडं उघडलं, पण हातभर अंतरावरून पुन्हा गाठोडंच.

ओळखीच्या एका कारागिराने सल्ला दिला, इंग्रजीत लिही, मोकळी होशील. मला ते मान्य नव्हतं. मुलं ज्या भाषेत प्रार्थना म्हणतात, ज्या भाषेत एकमेकांना हाका मारतात, ती धाग्याला जमत नाही म्हणून सोडायची, हे माझ्या कामाला कमीपणा आणणारं होतं.

जागा वाढवणं एवढाच उपाय होता. अक्षरं आठ मिलिमीटर करायची तर चित्रातलं काहीतरी जाणार. पुढच्या शनिवारी मुलांपुढे दोन्ही कागद ठेवले. बराच वेळ वाद झाला. किल्ला काढणारा मुलगा गप्प होता. शेवटी तोच म्हणाला, “काकू, किल्ला काढून टाका. किल्ला सगळ्यांचा असतो, पन्नास वर्षं आमची आहेत.” कडुनिंब राहिला, कारण पथक त्याच्याखालीच भरतं. रफारासाठी मी सॅटिन टाका सोडून साधी धावती रेघ दोनदा फिरवली आणि त्याला मात्रेपासून एक मिलिमीटर दूर उचललं. नमुना मशीनवरून उतरवला तेव्हा सर चष्मा न लावता म्हणाले, “वर्षे.”

एका पॅचला ९,८०० टाके. मिनिटाला साडेसहाशेच्या वेगाने पंधरा मिनिटं, रंग बदलायचा वेळ वेगळा. कापड पॉलिस्टर ट्विल घेतलं, कारण कडेची पट्टी भरल्यावर तापलेल्या टोकाने कापलं की कड वितळून बंद होते, उसवत नाही. धागाही पॉलिस्टरचा. रेशमी चमकीचा व्हिस्कोस दिसायला छान, पण शिबिरातलं ऊन आणि धुणं त्याला सोसत नाही. इस्त्रीने चिकटणारा गोंद मी मुद्दाम लावला नाही. गोंद वारंवार धुतल्यावर सुटतो, आणि स्वतःचा पॅच मुलाने स्वतः सुईने शिवायला हवा असं मला मनापासून वाटतं. पथकात मुलं साठच होती. प्रत्येकाला एक ठेवायला, एक द्यायला.

चार महिन्यांनी किल्लेवाला मुलगा दुकानात आला. परराज्यातल्या शिबिराहून परतला होता. त्याने मुठीतून तमिळ अक्षरांचा एक पॅच काढून माझ्यापुढे ठेवला. मी सवयीने आधी तो उलटा केला. बॉबिनचा पांढरा धागा एकसारखा बसलेला, टोकं हाताने कापलेली. मग सुलटा करून पाहिला. गोल गोल अक्षरं, शिरोरेषा नाही, एकही फट बुजलेली नाही.

“ह्याच्याऐवजी मी माझा दिला,” तो म्हणाला, “आणि दप्तरावरचा उसवून अजून एकाला दिला. एक मिळेल का, काकू?”

फाइल मशीनमध्ये होतीच. मी फ्रेमवर कापड ताणलं आणि त्याला स्टुलावर बसवलं.