टेंभुर्णी ते अजिंठा : टॉबीचे काय करायचे?

टेंभुर्णी म्हटले की बाहेरगावची माणसे पुणे-सोलापूर रस्त्यावरची टेंभुर्णी समजतात. आमची टेंभुर्णी ती नव्हे. आमची जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा झाला, त्यात आम्ही आलो. विदर्भाची हद्द जवळच आहे, त्यामुळे सोयरिकी इकडेही आणि तिकडेही. उन्हाळ्यात इकडे ऊन असे पडते की दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीत अंग टाकून पडलेली असतात.

अशा उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागतात आणि आमच्या घरी तीन प्रश्न हमखास उभे राहतात. कुठे जायचे, किती दिवस जायचे आणि पैसा कुठून आणायचा. यंदा चौथा प्रश्न आला : टॉबीचे काय करायचे?

टॉबी आमचा कुत्रा. गावठी, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. २०१९ च्या दुष्काळी उन्हाळ्यात वस्तीत टँकर यायचा. हंडे भरताना खाली जे पाणी सांडायचे त्यावर एक पिल्लू रोज येऊन जीभ लावायचे. टँकर गेला की आमच्या मुलाच्या मागे मागे घरी यायचे. एक दिवस ते परत गेलेच नाही. नाव मुलांनी ठेवले, आणि ते कुठून घेतले हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलेच असेल. परमपूज्य बाबासाहेबांचा कुटुंबासह राजगृहात काढलेला फेब्रुवारी १९३४ चा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, बाबासाहेबांच्या वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि त्यांचा लाडका कुत्रा टॉबी. आमच्या घरात हा फोटो दाराच्या वरच आहे. त्यामुळे टॉबीला कुठे न्यायचे नाही असे म्हटले की आमचे चिरंजीव त्या फोटोकडे बोट दाखवतात. "बाबासाहेबांनी त्याला फोटोत घेतलं, आणि तुम्ही गाडीत घेत नाही!" आम्ही त्याला सांगितले की बाळा, फोटो राजगृहातला आहे, आगगाडीतला नव्हे. पण मुलांशी वाद घालून कोण जिंकले आहे?

घरात आम्ही पाच माणसे. आम्ही, आमच्या सहचारिणी, आई, मुलगी आणि मुलगा. लोकशाही पद्धतीने मतदान घेतले. मुले दोन, न्यायच्या बाजूने. सहचारिणी आणि आई, ठेवायच्या बाजूने. निर्णायक मत आमच्यावर आले. कचेरीतल्या सवयीप्रमाणे आम्ही "चौकशी करून निर्णय घेण्यात येईल" असा शेरा मारला आणि वेळ काढला.

सहचारिणींचा विरोध सरळ होता. सुट्टीत तरी एका जिवाचे खाणे-पिणे-हगणे आपल्यामागे नको, एवढेच त्यांचे म्हणणे. आईचा विरोध वेगळ्या मुळाचा होता.

आई ऐंशीच्या घरातली. तिचा जन्म निजामाच्या राज्यातला. तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, गावचे येसकर. दिवे लागले की काठी घेऊन दारोदार भाकरी मागायला जायची पाळी असे, आणि लहानपणी आई टोपली धरून त्यांच्यासोबत जाई. ती सांगते, वाड्याच्या ओसरीवर कुत्रे निजलेले असायचे आणि आम्ही अंगणाच्या बाहेर उभे. भाकरी वरून टाकायचे. टोपलीत पडली तर आपली, खाली पडली तर कुत्र्याची. विहिरीजवळच्या दगडी डोणीत कुत्रे तोंड घालायचे, त्याला कोणी हाड म्हणायचे नाही. आम्हाला मात्र पाणी पाहिजे असेल तर ओंजळ करून खाली बसायचे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाणी घेतले त्यामागचे कारण हेच. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. आपण हे भाषणात ऐकतो, आईने ते पाहिलेले आहे.

तेव्हा घरात कुत्र्याचे लाड सुरू झाले की ती तोंड फिरवते. एकदा मुलाने टॉबीला बिस्कीट दिले तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्या वाट्याचं कुत्र्यानं खाल्लं, आता नातवाच्या वाट्याचं बी खाऊ दे." मुलांना त्याचा अर्थ कळला नाही. आम्हाला कळला, आणि त्या रात्री जेवण गेले नाही.

दुसरीकडे मुलांच्या बाजूलाही एक अनुभव होता. मागे आम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेलो होतो. चार दिवस टॉबी घरी. शेजारच्या पोरांना सांगितले होते की रोज दोन भाकरी टाकत जा. पोरांनी सांगितल्याप्रमाणे केले. येता-जाता भिंतीवरून भाकरी आत फेकली. पण फेकलेली भाकरी पाहून वस्तीतली सगळी कुत्री भिंतीवरून आत. आम्ही नागपूरहून परतलो तेव्हा टॉबी मोरीपाशी पडला होता, मागचा पाय फाडलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. महिनाभर मलमपट्टी केली. पोरांचा दोष नव्हता. आम्हीच "टाकत जा" म्हणालो होतो.

म्हणून यंदा प्रश्न सोपा नव्हता.

पहिला बेत मुंबईचा होता, चैत्यभूमी आणि राजगृह. जालन्याहून रेल्वेने. आम्ही चौकशी केली. कुत्र्याला साध्या दुसऱ्या वर्गात, स्लीपरमध्ये, टू टायर किंवा थ्री टायर एसीच्या डब्यात नेता येत नाही. पहिल्या वर्गाच्या एसीत अख्खी केबिन किंवा कूपे आपल्या नावाने असेल तर सोबत घेता येते. नाहीतर पैसे भरून गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत. पहिल्या वर्गाच्या एसीत आमच्या घराण्यातला माणूस अजून बसलेला नाही, कुत्रा कुठून बसणार? आणि रात्रभर लोखंडी पेटीत तो, व आमचे चिरंजीव डब्यात झोपणार, हे शक्य नव्हते. शिवाय आईचे गुडघे. तिला मुंबईची गर्दी झेपेल असे वाटेना. तिच्या मनात अजिंठा होता. "तथागत निजलेले हायेत म्हंतेत, ते पाह्यचे," असे ती दोन वर्षांपासून म्हणत होती. म्हणून बेत अजिंठ्याचा ठरला. तीन रात्री, मुक्काम सिल्लोडला बहिणीकडे, आणि प्रवास वस्तीतल्या एका तरुणाच्या तूफान गाडीने.

गाडी म्हटल्यावर मुलांच्या बाजूला जोर आला. गाडीवाला भला माणूस. म्हणाला, "मागं पोतं टाकू काका, पण घाण केली तर धुऊन द्यायची."

आम्ही म्हटले, आधी परीक्षा घेऊ. टॉबीला पिसाळीची लस टोचायचीच होती. ती वर्षाच्या वर्षाला टोचून घ्यावी लागते, हे आपल्या वस्त्यांत अजून मनावर घेतले जात नाही. कुत्रा पाळायचा असेल तर एवढे केलेच पाहिजे. त्या निमित्ताने त्याच गाडीने तालुक्याला नेले. गाव सुटेपर्यंत टॉबी खिडकीतून तोंड काढून राजासारखा. पुढे दोन्ही बाजूंनी बीजोत्पादनाची शेडनेट लागली, तोवर तोंडातून लाळेची तार. जाफराबाद येण्याच्या आत दोनदा ओकला आणि सीटखाली शिरून थरथरत बसला. मुलगा त्याच्या पाठीवर हात ठेवून सारखा म्हणत होता, "झालं, झालं, आलं." पण त्याचा आवाज उतरला होता.

दवाखान्यात जनावरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले ते सर्वांना उपयोगी पडेल असे आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हाच अंगातली उष्णता बाहेर पडते. मे महिन्यात उभ्या बंद गाडीत काही मिनिटांत भट्टी होते, तिथे काच बोटभर खाली ठेवून भागत नाही. न्यायचेच असेल तर निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नये, वाटेत थांबून पाणी पाजावे, आणि मुक्कामाच्या गावी दोरी सोडू नये. परक्या वस्तीतली कुत्री त्याला सोडणार नाहीत. आम्ही अजिंठ्याचे नाव काढताच ते हसले. संरक्षित स्मारकात जनावर आणायला १९५९ च्या नियमांनीच मनाई आहे. म्हणजे पाचांपैकी एकाने खाली बसावे लागणार.

परत येताना मुलगा स्वतःच म्हणाला, "पप्पा, त्याला ठेवू." आमचे निर्णायक मत द्यायची वेळच आली नाही. त्या रात्री तो टॉबीजवळ अंगणात झोपला. रडला असावा, आम्ही विचारले नाही.

आता कोणाकडे ठेवायचे? शेजारच्या मावशी एकट्या असतात, मुलगा पुण्याला कंपनीत. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "ठिवा की. मला बी सोबत व्हईल." आम्ही ज्वारीचे पीठ देऊ लागलो, त्यांनी घेतले नाही. निघायच्या सकाळी गाडी दारात उभी, सामान भरलेले, आणि आई दिसेना. पाहतो तर मावशींच्या ओट्यावर. हातात आमच्या घरातली जर्मलची थाळी. टॉबीची थाळी नव्हती ती, घरातली होती. मावशींना सांगत होती, "भाकर टाकायची नाई बरं का. ठिवायची. ह्या थाळीत ठिवायची, अन् तो खाईस्तोर तिथं उभं ऱ्हायचं."

आमच्या सहचारिणींनी आमच्याकडे पाहिले. गाडीत कोणी काही बोलले नाही.

वाटेत भोकरदन लागते. मुलांना मुद्दाम सांगितले की हे प्राचीन भोगवर्धन. इथल्या भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासकांनी सांची-भरहुतच्या स्तूपांना दान दिल्याचे तिथल्या शिलालेखांत कोरलेले आहे. १९७३ मध्ये इथे उत्खनन झाले तेव्हा सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या, त्यांत हस्तिदंताची स्त्रीमूर्तीही होती. आपल्या शेजारच्या तालुक्याचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी सांचीला कोरले गेले आणि आपण ते सिल्लोडची बस पकडायचे ठिकाण समजतो!

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. (सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.) घाट उतरून फर्दापूरच्या टी पॉइंटला आपली गाडी ठेवावी लागते, पुढे तिथल्या बसने. त्या वाहनतळावर एक मोठी गाडी उभी होती. एक कुटुंब, आणि सोबत दाट केसांचा विलायती कुत्रा, जीभ हातभर बाहेर. पुढे कुत्रा नेता येणार नाही हे त्यांना तिथे आल्यावर कळलेले. थोडी बाचाबाची झाली. मग बाकीचे बसने गेले आणि एक तरुण पोरगा कुत्र्याला घेऊन झाडाखाली बसला. आम्ही दुपारी परतलो तेव्हाही तो तिथेच होता, बाटलीचे पाणी कुत्र्याच्या डोक्यावर ओतत. आमचा मुलगा त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसला. काय बोलले माहीत नाही.

लेण्यांविषयी या अंकात लिहायची जागा नाही, ते पुन्हा कधी. एवढेच सांगतो की आईला चढ जमेना तेव्हा डोलीवाले पुढे आले, आणि ती बसायला तयार होईना. "माझ्या बापानं लोकाचं वझं वाह्यलं, मी कुनाच्या खांद्यावर बसू?" डोलीवाला म्हणाला, "माय, आमचं पोट आहे त्याच्यावर." तेव्हा कुठे बसली, आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्यायला लावले. सव्वीस नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या त्या विशाल मूर्तीसमोर ती कितीतरी वेळ हात जोडून उभी होती.

सतरा नंबरच्या लेण्यात छद्दंत हत्ती पाहिला, महाकपीचे माकड पाहिले. मुलाने विचारले, "कुत्र्याचं जातक नाही का?" आम्हाला तरी चित्रांत दिसले नाही, पण पालीतल्या जातकांत आहे, कुक्कुर जातक. बाहेर पायरीवर बसून सांगितले. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजाने हुकूम काढला, दिसेल तो कुत्रा मारा. वाड्यातली कुत्री तेवढी वगळली. तेव्हा मसणवट्यातल्या कुत्र्यांचा पुढारी, तो बोधिसत्त्व, दरबारात गेला आणि राजाला म्हणाला, हा न्याय नव्हे, हा पक्षपात आहे. वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ चारून पाहा. चारले, तर त्यांनीच चामडे ओकले. जातकातला पुनर्जन्म आपण सोडून देऊ, बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा शिकवली आहे. पण गुन्हा वाड्यातल्याचा आणि शिक्षा मसणवट्यातल्याला, ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आई लक्ष देऊन ऐकत होती. "मंजी कुत्र्यांतबी होतंच की," एवढेच म्हणाली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी टेंभुर्णीत शिरलो. गाडीचा आवाज ओळखून टॉबी मावशींच्या ओट्यावरून उडी मारून आला, मुलाच्या अंगावर, मुलीच्या अंगावर, मग आमच्या चपला हुंगत बसला. अजिंठ्याची धूळ त्याला लागली ती एवढीच. पोट भरलेले होते, अंगावर ओरखडा नव्हता. आईने पिशवी खाली ठेवण्याआधी मावशींना विचारले, "भाकर टाकली का ठिवली?"

"ठिवली, बाई. थाळीत," मावशी म्हणाल्या. "अन् उभीबी राह्यले."