आश्विनातला बेत



पाऊस ओसरला की कॅमेरा घेऊन दोन दिवस शिरूर-दौंड भागात हिंडावे, असा बेत मी यंदा आखला. पहिला मुक्काम शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली. परंतु पावसाळा सरताना मोराचा पिसारा गळून जातो, हे मला उशिरा आठवले. भाषेच्या अध्यापकाने नावावर किती विसंबावे! तो मुक्काम खोडला.

मग उसातल्या बिबट्याचा विचार आला. शिरूरचे एक विद्यार्थी शेतकरी आहेत. त्यांना वाट विचारली. ते म्हणाले, "सर, रात्रीची लाईट आली की त्याच उसात मी दारं धरायला जातो. तुम्ही बॅटऱ्या मारून त्याला बिथरवाल अन् घरी जाल." मला उत्तर सुचले नाही. वहीतली तीही ओळ खोडली.

उरले दौंडच्या सीमेलगतचे, सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य. क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर; पण आश्विनात तिथले गवत पिवळे पडू लागते आणि त्या रंगात चिंकारा उभा असूनही दिसत नाही. ऊन चढण्यापूर्वी पोचायचे, अंतर राखून बसायचे. पळता पळता तो थबकून मागे वळून पाहतो. तेवढे एक छायाचित्र मला हवे आहे.