टपालपेटीवरचं नाव

चिमणे,


परवा फोन ठेवला, पण तुझी तीन शहरं रात्रभर डोक्यात फिरत राहिली. बर्लिन, लिस्बन, आंगुलेम. "आत्या, कुठे जाऊ ते तूच सांग," म्हणालीस. अकरा वर्षं मी बर्लिनमध्ये पुस्तकांची चित्रं काढून पोट भरतेय, तेव्हा सांगायचा थोडा हक्क मला आहे. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट, जी तुझ्या बाबालाही कधी सांगितली नाही. बर्लिनच्या इमारतींत घरांना सहसा नंबर नसतात. टपालपेटीवर आणि बेलपाशी आडनाव लावलेलं असतं, ते वाचून पोस्टमन पत्र टाकतो. मी आले तेव्हा एका पोटभाड्याच्या खोलीत उतरले. ज्याची खोली होती त्याने पेटीवर माझं नाव लावू दिलं नाही, आणि मी तिथे राहते असं लिहूनही दिलं नाही. तो कागद नसला तर पत्त्याची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी तर राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. नोंदणी नाही म्हणून कराचा नंबर अडला, नंबर नाही म्हणून प्रकाशकाला बिल देता येईना. ऑफिसातून आलेलं पत्रसुद्धा नाव नाही म्हणून परत गेलं. चार महिने मी एक रेघ ओढली नाही गं. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, त्या अंधारात मी खोल्या बघत हिंडायचे. अखेर खोली मिळाली तेव्हा पांढऱ्या चिकटपट्टीवर शाईने आडनाव लिहिलं आणि पेटीवर लावलं. हात थरथरत होता, पट्टी तिरपी बसली. ती मी अजून तशीच ठेवली आहे.

म्हणून तुला सांगते, कुठलंही शहर मनात धरलंस तरी पहिली चौकशी घराची कर. माझ्या नावावर खोली किती दिवसांत मिळेल, भाडं भरून महिन्यातले किती दिवस माझ्या चित्रांना उरतील, एवढं आधी विचार. कॅफे, संग्रहालयं, नदीकाठ नंतर आपोआप सापडतात.

बर्लिनने मला दिलंही खूप. इथे कलावंतांसाठी एक सामाजिक विमा आहे, त्याला सगळे 'काएसका' म्हणतात. 1983 पासून चालू आहे. आरोग्य आणि पेन्शनचा निम्मा हप्ता मी भरते. उरलेला चित्रं-लेखन वापरणाऱ्या कंपन्या आणि सरकार मिळून भरतात. नोकरदाराचा निम्मा हप्ता त्याचा मालक भरतो, तसंच. मला कुणी मालक नाही, तरी आजारी पडले तेव्हा उशाशी पैशांची काळजी नव्हती. चित्रकार हा कष्टकरीच आहे हे ज्या देशाने कायद्यात लिहिलं, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. फ्रीलान्स परवान्यासाठी मात्र इथली कामं मिळणार असल्याची पत्रं जोडावी लागतात. ती पत्रं आत्तापासून गोळा करायला लाग.

लिस्बनचा उजेड मलाही वेड लावतो. पण घरी बसून परदेशाचं काम करणाऱ्यांसाठी 2022 मध्ये जो व्हिसा निघाला, त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दरमहा दाखवावी लागते. पुण्या-मुंबईच्या मानधनात ते बसणार नाही. शिवाय अशा कमाईची माणसं येत गेली तशी तिथल्या लोकांना आपल्याच गल्लीतलं भाडं परवडेनासं झालं. मला ते बघवलं नाही.

आता आंगुलेम. नाव घेताना तुझा आवाज बारीक झाला होता, जणू हे शहर मोजायचंच नाही. मी तिथे गेले आहे. पॅरिसहून रेल्वेने दोनेक तास, टेकडीवर वसलेलं, चाळीसेक हजार वस्तीचं गाव. पूर्वी कागदाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होतं. 1974 मध्ये तिथे कॉमिक्सचा महोत्सव सुरू झाला आणि गावाने ते अंगाला लावून घेतलं. रस्त्यांच्या पाट्या संवादाच्या फुग्याच्या आकाराच्या आहेत, घरांच्या भिंतीच्या भिंती चित्रकथांनी रंगवल्या आहेत, नदीकाठच्या जुन्या दारूच्या गोदामांत कॉमिक्सचं संग्रहालय आहे. तिथे चित्रकथाकारांना काही महिने काम करायला जागा देणारी एक वास्तूही आहे. तिथल्या संग्रहालयात मी एका मूळ पानापुढे अर्धा तास उभी होते. चौकटीची रेघ चुकली तिथे पांढरा रंग लावून पुन्हा काढलेली, कडेला पेन्सिलीच्या खुणा तशाच. तू आजीच्या वाड्यावर चित्रकथेची जी शब्दांवाचूनची पानं काढते आहेस, त्यांचीच मला तिथे आठवण आली.

तू जे.जे. कलाशाळेत ज्यांची चित्रं बघत वाढलीस त्या चित्रकार रझांचंच बघ. 1948 मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने त्यांची चित्रं पाहून सांगितलं, रचना कच्ची आहे, सेझानचा अभ्यास कर. रझा मुंबईतच फ्रेंच शिकले, शिष्यवृत्ती मिळवली आणि 1950 मध्ये पॅरिसला गेले. काय शिकायला जातोय ते बोटीवर चढण्याआधी त्यांना ठाऊक होतं. तुलाही ठाऊक आहे. तुला चौकटी शिकायच्या आहेत.

माझा जीव म्हणतो, बर्लिनला ये, माझ्याजवळ राहा. रविवारी पोहे करू, एका टेबलावर बसून काम करू. पण ते माझं एकटेपण बोलतंय, त्याचं ऐकू नकोस. आंगुलेमच्या त्या जागेसाठी अर्ज कर. पुण्यात आलियाँस फ्राँसेज आहे, या महिन्यातच नाव घाल.

आणि जाण्याआधी एकदा माझ्याकडे ये, फेब्रुवारीत, जूनमध्ये नको. राखाडी आभाळाखाली तीन आठवडे काम करून बघ, जमतंय का. खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेवते. पेटीवर माझ्या नावाखाली तुझं नावही लावते, म्हणजे तुझी पत्रं परत जाणार नाहीत.

तुझी,
आत्या