चवदार तळ्याचा गेम कोण बनवणार?



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीत संध्याकाळी चक्कर मारा. विहाराच्या पायरीवर, रिक्षा स्टँडवर, चाळीच्या जिन्यात पोरे मोबाईल आडवा धरून बसलेली दिसतील. चळवळीतले ज्येष्ठ हे पाहून चिडतात. "पोरे वाया गेली, वाचत नाहीत, मीटिंगला बोलावले तर येत नाहीत," असे म्हणतात. वाचनाचा आग्रह आमचाही आहे. पण आम्हाला प्रश्न वेगळा पडतो. ही पोरे रोज दोन-दोन तास ज्या जागी असतात, त्या जागी आपला विचार का नाही?

आपल्या चळवळीने लोक जिथे जमतात ती जागा कधी सोडली नव्हती. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले ते नाटक म्हणून. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि जलसा उभा केला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तेव्हाही 'तमाशा म्हणजे वाईट नाद' असे म्हणणारे होतेच. आपल्या माणसांनी नाद बघितला नाही, समोर बसलेली माणसे बघितली. आज ती माणसे मोबाईलच्या पडद्यासमोर बसली आहेत.

"गेम म्हणजे नुसता टाइमपास, त्यात कसला विचार?" असे कुणी म्हणेल. त्याने सापशिडी आठवावी. तिचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रात परंपरा हा पट ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. पुण्य केले की शिडी, पाप केले की साप, आणि सगळ्यात वर मोक्ष. खरे तर खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसते. सगळे फासा ठरवतो आणि दोष मात्र कर्माला. तुझी आजची अवस्था तुझ्याच कर्माचे फळ आहे, हे पोराच्या डोक्यात बसवायला कीर्तनाचीही गरज उरत नाही. पोर हसत हसत शिकते आणि आपण काही शिकलो हे त्याला कळतही नाही.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईने १९०४ साली 'द लँडलॉर्ड्स गेम'चे पेटंट घेतले. जमीन मूठभरांच्या हातात गेली की भाडेकरू कसा नागवला जातो, हे लोकांना खेळातून कळावे हा तिचा हेतू. पुढे त्याच कल्पनेतून १९३५ साली 'मोनोपॉली' बाजारात आला, आणि जो सगळ्यांना कंगाल करील तो जिंकला असा खेळ घरोघरी पोचला. आपल्याकडचा 'व्यापार' त्याच जातीचा. पट तोच, पण मालक बदलला आणि शिकवण उलटी झाली. म्हणून म्हणतो, खेळाचे नियम कोण लिहितो हा राजकीय प्रश्न आहे.

मोबाईल आणि कॉम्प्युटरच्या गेमचेही तेच. 'सिव्हिलायझेशन' ही जगभर खेळली जाणारी गेमची मालिका १९९१ पासून चालू आहे. त्यात भारताचा नेता म्हणून गांधी भेटतात. चौथ्या भागात सम्राट अशोक आले, २०२५ च्या सातव्या भागातही अशोक आहेत, याचा आनंद आहे. पण मुख्य सात भागांपैकी एकातही बाबासाहेब नेता म्हणून नाहीत. पुण्यातल्या कंपनीने बनवलेला 'राजी' हा गेम २०२० साली आला आणि जगात नावाजला गेला. त्याची गोष्ट देवी-देवता आणि असुरांची. त्यांना जे आपले वाटले ते त्यांनी बनवले. त्यांच्या नावाने बोटे मोडून आपला गेम तयार होणार नाही.

जगात गेमकडून किती कामे करून घेतली गेली ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २००५ साली 'फूड फोर्स' काढला, दुष्काळात अन्न पोचवणे किती अवघड असते हे मुलांना कळावे म्हणून. २००७ च्या 'पीसमेकर'मध्ये खेळणारा इस्रायलचा पंतप्रधान होतो किंवा पॅलेस्टाइनचा अध्यक्ष. एक निर्णय घेतला की आपलेच लोक चिडतात, दुसरा घेतला की समोरचे. पोलंडमध्ये बनलेला 'धिस वॉर ऑफ माइन' वेढ्यात अडकलेल्या साध्या नागरिकांचा गेम आहे. २०२० साली तिथल्या सरकारने तो शाळांच्या शिफारस यादीत घेतला. आपल्या देशात कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी २०१६ साली 'मिसिंग' आणला, त्यात खेळणाऱ्याला विकल्या गेलेल्या मुलीच्या जागी उभे राहावे लागते. २०१४ साली 'पायरोडॅक्टिल' या भारतीय स्टुडिओने 'अनरेस्ट' बनवला. दुष्काळात होरपळणारे काल्पनिक प्राचीन नगर, जात, भूक, आणि नागांच्या साम्राज्याचा राजदूत. त्यात तलवारीपेक्षा बोलण्याला जास्त महत्त्व.

बोलण्याचा मुद्दा आम्ही मुद्दाम काढतो. आपले तरुण घोषणा उत्तम देतात, मोर्चा उत्तम काढतात. पण अधिकाऱ्यासमोर टेबलावर बसले की अडखळतात. बाबासाहेब गोलमेज परिषदेत बसले, पुणे कराराच्या कोंडीत बसले, घटना समितीत बसले. कुठे ताणायचे, कुठे थांबायचे, कुठल्या शब्दावर अडून बसायचे, ही मुत्सद्देगिरी आपण जयंतीच्या भाषणातून शिकवू शकलो नाही. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्याशी संलग्न बर्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना ऐतिहासिक भूमिका देऊन वाद घालायला लावणारे खेळ सुरू केले. त्यातला एक चक्क १९४५ च्या सिमला परिषदेवर आहे. अमेरिकेतली मुले आपला इतिहास खेळून शिकतात आणि सुभाष टेकडीवरच्या आपल्या मुलाला तो फक्त बॅनरवर दिसतो!

महाडचेच घ्या. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. कायदा होता, पाणी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले. मग मंदिरात घुसणार अशी अफवा उठली आणि आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. समोर लष्करातून आलेली आपली माणसे उभी आहेत, बदला घ्यायला तयार आहेत. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद, पण कोर्टाचा मनाई हुकूम हातात. हजारो लोक जमलेले. तळ्यावर जायचे की थांबायचे? २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, सत्याग्रह मात्र स्थगित ठेवला. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला आला, दहा वर्षांनी.

यात निर्णयाच्या किती जागा आहेत ते मोजा. भाषणात आपण सांगतो, "बाबासाहेबांनी असे केले." गेममध्ये पोराला विचारता येते, "तू काय केले असतेस?" त्याने मनाई हुकूम मोडला तर पुढे काय होते, हे त्यालाच बघू द्या. दोनदा हरू द्या. मग संयम म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे त्याला सांगावे लागणार नाही.

एक धोका मात्र डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. डेन्मार्कच्या एका कंपनीने गुलामांच्या व्यापारावर शैक्षणिक गेम बनवला. त्यात गुलामांची शरीरे जहाजात ठोकळ्यांसारखी रचायची होती. २०१५ साली जगभरातून संताप झाला तेव्हा तो भाग काढावा लागला. अत्याचाराचे कोडे करून खेळायला देणे हे प्रबोधन नव्हे. 'दहा मिनिटे दलित होऊन बघा' असला गेमही आम्हाला नको. तो खेळून सवर्ण पोराच्या डोळ्यांत पाणी येईल आणि आपल्या पोराला पुन्हा आपला अपमानच बघावा लागेल. आपल्या गेममधला माणूस मार खाणारा नको, निर्णय घेणारा हवा.

आणि विषय फक्त इतिहासाचे नाहीत. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, प्राचीन शिवमंदिराजवळून येते, कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेते आणि उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना त्रास झाला. आता गेम असा करा. एक पोरगा कारखानदार, एक मुलगी महापालिकेची आयुक्त, एक जण प्रदूषण मंडळाचा अधिकारी, एक टँकर ड्रायव्हर, एक नाल्यात उतरणारा सफाई कामगार, एक नदीकाठच्या झोपडीतली आई. प्रत्येकाजवळ थोडी माहिती, थोडी ताकद. नदी साफ करायची तर एकमेकांशी बोलावेच लागेल. फाळणीनंतर कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबातला मुलगा, मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या बौद्ध कुटुंबातली मुलगी, भैया म्हणून हिणवला जाणारा कामगाराचा पोरगा, सगळे त्याच नदीचा वास घेतात. त्यांना एका स्क्रीनभोवती बसवता आले तर तीही आपल्या गल्लीची मुत्सद्देगिरीच.

पैशाचे म्हणाल तर 'ट्वाइन', 'स्क्रॅच', 'गोडो' ही साधने फुकट आहेत. ट्वाइनमध्ये फारसे कोडिंग न येणाराही गोष्टीचा गेम बनवू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्स, शैक्षणिक गेमना प्रोत्साहन, असे त्यात आहे. रमीच्या नादाने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणून बंदीचे स्वागत. पण प्रोत्साहनाचा वाटा कोण उचलणार? आपण तयार नसलो तर तिथेही पुराणकथाच भरल्या जातील.

आम्ही असे म्हणतो की येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा. त्या पैशात विहारात एक जुना लॅपटॉप येतो. वस्तीतली इंजिनिअरिंगची पोरे, चित्र काढणारी मुलगी, शाहिराचा नातू आणि महाडचा इतिहास वाचलेले एखादे काका एकत्र बसवा. गेम मराठीत करा, स्वस्त मोबाईलवर चालेल असा करा, आणि पहिल्यांदा आपल्याच वस्तीतल्या पोरांना खेळायला द्या. त्यांना कंटाळा आला तर पुन्हा बनवा. चिडणाऱ्या ज्येष्ठांनाही बोलवा, कारण पँथरच्या काळातले निर्णय कसे घेतले गेले हे त्यांनाच ठाऊक आहे.

जो या कामाला तयार असेल त्याने पुढच्या रविवारी जवळच्या विहारात चार पोरे गोळा करून सुरुवात करावी. आमचीही तयारी आहे.

जय भीम! जय संविधान!