चुकणाऱ्यासाठी जागा

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं. नासाच्या उपग्रहचित्रांत 25 मेचं हिरवं आणि 10 जूनचं गुलाबी सरोवर शेजारी शेजारी पाहता येतं. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. लोणारच्या संवर्धनाची याचिका ऐकणाऱ्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही दखल घेतली. अतिखारट पाण्यात जगणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असा निष्कर्ष पुढे निघाला. तोपर्यंतचे आठवडे मात्र अंदाजांचे होते, आणि शैवालाचा अंदाज तर जाणकारांनीही बोलून दाखवला होता. लोणारवर जीव असलेली हौशी माणसं बुलढाणा जिल्ह्यात आणि बाहेरही पुष्कळ आहेत. कुणी पक्षी पाहतं, कुणी दगडांचा अभ्यास करतं, कुणी काठावरची जुनी मंदिरं पालथी घालतं, कुणी नुसतेच फोटो काढतं. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांची खरी परीक्षा अशा मधल्या काळात होते, जेव्हा उत्तर कुणाकडेच नसतं आणि बोलायचं मात्र सगळ्यांना असतं. त्या वेळी चुकीचं बोलणाऱ्याशी आपण कसे वागतो, यावर त्या गटाला पुढे काय कळणार आणि काय कळायचं राहून जाणार हे ठरतं, असं मला वाटतं. सौजन्याला आपण शिष्टाचाराच्या खात्यात टाकतो. हौशी माणसांच्या जगात ते ज्ञान मिळवण्याच्या कामाचाच भाग आहे.

हौशी माणसाला पगार नसतो, हजेरीपट नसतो, बढतीची आशा नसते. तो येतो आवडीने आणि जातो न सांगता. कचेरीत साहेब टाकून बोलला तरी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येतो, कारण घर चालवायचं असतं. गटातल्या कुणा जाणत्याने ‘एवढंही माहीत नाही का’ म्हटलं, तर माणूस भांडतही नाही, फक्त लिहायचं थांबतो. त्याचं नाव यादीत राहतं, म्हणून तो गेल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. गावातल्या पारावर असं सहसा होत नाही. तिथे सकाळी ज्याचा पाणउतारा केला तोच संध्याकाळी समोर येऊन बसणार असतो, त्यामुळे जीभ आपोआप आवरली जाते. पडद्यामागून बोलताना हा आवर सुटतो. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 साली याची कारणं मांडली: आपण दिसत नाही, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच ऐकावं लागत नाही. वऱ्हाडात आणखी एक अडचण आहे. ‘काहून बे’ यातली सलगी आवाजातून कळते. अक्षरांत तीच दमदाटी वाटते, आणि पुण्या-मुंबईचा सभासद दुखावतो. उलट प्रमाणभाषेतलं कोरडं, बिनचूक वाक्य मेहकर-मोताळ्याच्या माणसाला हिणवल्यासारखं लागतं. दोघांच्याही मनात काही वाईट नसतं, आणि तरी दोघे गप्प होतात.

चुकणाऱ्याला जागा का द्यायची, याचं सर्वांत भक्कम कारण लोणारच्या विवरातच आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खड्डा ज्वालामुखीच्या खडकात, बेसॉल्टमध्ये आहे. त्यामुळे तो ज्वालामुखीनेच झाला असणार, असं मानणं दीर्घकाळ अगदी शहाणपणाचं होतं. उल्कापाताचा भक्कम पुरावा 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या निबंधाने पुढे आणला. प्रचंड दाबाखाली फेल्डस्पार या खनिजाची काच होऊन बनलेला मॅस्केलिनाइट इथे सापडला, आणि असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. मग वयाचा प्रश्न आला. काचेच्या नमुन्यांवरून एका पद्धतीने सुमारे 52,000 वर्षं हे उत्तर मिळालं, आणि तेच पुस्तकांत, फलकांवर, वाटाड्यांच्या तोंडी रुळलं. पुढे 2010 च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने ते सुमारे 5,70,000 वर्षं निघालं. एका प्रश्नाची दोन उत्तरं, आणि त्यांच्यात दहापटींहून जास्त अंतर. आजही कुणी गटात पहिला आकडा लिहिला तर दुसरा आकडा वाचलेला माणूस त्याच्यावर तुटून पडू शकतो. पण पहिला आकडा लिहिणारा थापा मारत नसतो. तो आधीच्या संशोधकांवर विश्वास ठेवून बोलत असतो. दुसरा आकडा माहीत असणाराही आणखी नव्या संशोधकांवर विश्वास ठेवूनच बोलत असतो.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या विवराचा इतिहास याहून बोलका आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे त्या काळचे फार मोठे भूवैज्ञानिक. 1891 मध्ये त्यांनी ते विवर तपासलं आणि वाफेच्या स्फोटाने झालं असा निर्वाळा दिला. डॅनियल बॅरिंजर हे खाणकामातले गृहस्थ. 1903 पासून ते ठासून सांगत होते की हा उल्केचा आघात आहे. जाणत्यांनी त्यांना फारसं जवळ केलं नाही. बॅरिंजर 1929 मध्ये वारले. यूजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांनी तिथे दाबाखाली तयार होणारं कोएसाइट हे खनिज 1960 मध्ये दाखवलं आणि बॅरिंजरांची मुख्य गोष्ट खरी ठरली. मात्र विवराखाली लोखंडाचा प्रचंड गोळा पुरलेला आहे ही त्यांची खात्री साफ चुकीची होती, आणि त्या शोधात त्यांचं द्रव्य गेलं. म्हणजे मोठा तज्ज्ञ मुख्य प्रश्नात चुकला, आणि बाहेरचा माणूस मुख्य प्रश्नात बरोबर आणि हिशेबात चुकीचा निघाला. माणसांची बरोबर आणि चूक अशी वाटणी केली असती, तर या दोघांना कुठे बसवणार होतो? वाटणी विधानांचीच करावी लागते, आणि एकाच माणसाची विधानं दोन्हीकडे जातात.

विधान तपासायचं आणि माणूस राखायचा, हे जमतं का? पक्षिनिरीक्षकांनी ते मोठ्या प्रमाणावर जमवून दाखवलं आहे. पक्षिनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर कुणी आपल्या भागात सहसा न दिसणाऱ्या पक्ष्याची नोंद केली, की ती आपोआप वेगळी निघते आणि त्या भागाचा स्वयंसेवक परीक्षक निरीक्षकाला लिहितो: फोटो आहे का, आकार केवढा होता, आवाज ऐकला का. समाधान झालं नाही तर नोंद सार्वजनिक आकडेवारीत येत नाही, पण निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीत राहते. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. चूक शास्त्रात शिरत नाही आणि चुकणारा चारचौघांत उघडा पडत नाही. अशाच नोंदींवर उभा राहिलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल 2020 मध्ये सुमारे 15,500 निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर आधारलेला होता. 2023 च्या आवृत्तीत निरीक्षक 30,000 वर आणि नोंदी तीन कोटींवर गेल्या. देशातले कोणते पक्षी घटताहेत, हे बहुतांशी बिनपगारी डोळ्यांनी सांगितलं.

उलट टोकाचा पुरावा विकिपीडियाने दिला. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या 2007 नंतर घटू लागली. एरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्याची कारणं शोधली. चांगल्या हेतूने येणाऱ्या नवख्यांचं प्रमाण फारसं घटलेलं नव्हतं. त्यांचं लिखाण पुसून टाकण्याचं प्रमाण मात्र वाढलं होतं, आणि त्यात यंत्राने झटपट केलेल्या नकाराचा वाटा मोठा होता. दर्जा सांभाळण्यासाठी उभारलेल्या तटबंदीने उद्याचे लिहिणारे बाहेर ठेवले. इतका मोठा प्रकल्प यात दुबळा होऊ शकतो, तर शंभर-दीडशे माणसांचा गट किती दिवस टिकेल?

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की गोड बोलण्याच्या नादात खोटं माजतं. आक्षेप खरा आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यात तर दरवर्षी समोर येतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात. अठरा धान्यं, पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, घागर, पुरी, पापड. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची स्थिती पाहून वाघ घराण्यातले जाणते पाऊस-पिकांचं भाकीत सांगतात. हवामानाची हौस असलेल्या गटात हे भाकीत आलं की एक बाजू श्रद्धेचा अपमान झाला म्हणते, दुसरी समोरच्याची अक्कल काढते. धान्याच्या रात्रीतल्या हालचालीचा मोसमी पावसाशी कार्यकारणसंबंध नाही, हे माझं मत आहे आणि ते स्पष्ट सांगितलंच पाहिजे. पण भाकितावर विश्वास ठेवणारा तो शेतकरी तीस-चाळीस पावसाळे शेतात उभा राहिलेला असतो. कोणत्या वर्षी नदी कुठवर आली, मूग कधी हातचा गेला, हे त्याला पाठ असतं. त्याची टवाळी केली तर भाकीत जागेवर राहतं आणि ही आठवण मात्र गटातून जाते. त्यापेक्षा भाकीत त्याच दिवशी शब्दशः लिहून ठेवावं, हवामान खात्याचा अंदाज शेजारी लिहावा, आणि ऑक्टोबरात महसूल मंडळांच्या पावसाच्या आकड्यांशी दोन्ही ताडून पाहावेत. ‘साधारण’, ‘कमी-जास्त’ असे निसटते शब्द आधीच नक्की करून घ्यावेत. हे टिंगलीपेक्षा किती तरी कडक आहे, कारण यातून पळवाट उरत नाही, आणि त्यात कुणाला खाली पाहावं लागत नाही.

जिथे समजूत घालत बसायला वेळ नसतो, अशाही जागा आहेत. टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ वाघ तेलंगणातून फिरत, सुमारे तेराशे किलोमीटर चालून, 2019 च्या अखेरीस ज्ञानगंगा अभयारण्यात आला. असा प्राणी नेमका कुठे आहे, हे एखाद्या उत्साही सभासदाने गटात टाकलं तर ते ताबडतोब काढलंच पाहिजे. घरट्याच्या ठिकाणाचंही तेच. पण काढून टाकल्यावर कारण त्याला खासगीत, दोन वाक्यांत सांगता येतं, आणि पुढच्या वेळी तोच दुसऱ्याला थांबवतो. जातीवरून, धर्मावरून, बाईमाणसावरून घसरणाऱ्या बोलण्याला तर खासगी समजुतीचीही गरज नाही. सिंदखेडराजाचा विषय निघाला की हे लगेच जाणवतं. 2024 मध्ये तिथे लखुजीराजांच्या समाधीजवळच्या उत्खननात शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती मिळाली. तिच्या काळाबद्दल, शैलीबद्दल, दगडाबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण इतिहासाच्या आपल्या चर्चा पुराव्यावरून बोलणाऱ्याच्या आडनावावर फार चटकन येतात. ज्या क्षणी आडनाव मोजलं जातं, त्या क्षणी चर्चा इतिहासाची राहिलेली नसते. गट चालवणाऱ्याने तिथे ठाम राहावं, आणि आपल्या जवळच्या माणसाला आधी थांबवावं.

जाणत्यांचाही एक रास्त आक्षेप आहे. ते थकतात. तोच प्रश्न शंभरदा येतो, तोच जुना आकडा, तीच फिरून आलेली अफवा. हा थकवा खरा आहे आणि नवख्यांनी तो ओळखायला हवा. आधी शोधून मग विचारणं, कुणी वेळ देऊन सांगितलं तर तशी पोच देणं, हे त्यांच्या बाजूचं सौजन्य. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली तर जाणत्याला नुसता दुवा देऊन गप्प बसता येतं. थकलेल्या माणसाने उत्तर न देणंही चांगलंच. तुसडं उत्तर देण्यापेक्षा ते नक्कीच बरं. मात्र ज्ञान वरून खाली वाहतं असं या आक्षेपात जे गृहीत धरलेलं असतं, ते मला मान्य नाही. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलांत नोकरी केली आणि पाखरांची, झाडांची किती तरी माहिती जंगलात राहणाऱ्या आदिवासींकडून घेतली. वनाधिकाऱ्याने त्यांच्यासमोर शिकाऊ होऊन बसण्यात कमीपणा मानला असता, तर ‘पक्षिकोश’ किती पातळ झाला असता!

खडकपूर्णेच्या किंवा नळगंगेच्या पाण्यावर रोज जाणारा माणूस बहुधा निरीक्षक नसतो. तो गुरं चारतो, जाळं टाकतो, मोटर सुरू करायला जातो. त्याच्याकडे दुर्बीण नसते, फोन असतो, आणि महिन्याचे तीसही दिवस त्याचे डोळे तिथे असतात. शहरातल्या पक्षीमित्राचे दोन रविवार. पाण्यावरच्या या माणसाने अंधुक फोटो टाकून ‘हे कोणतं पाखरू?’ एवढंच विचारलं, तर आधी जागा आणि वेळ विचारावी, मग नाव सांगावं, आणि कशावरून ओळखलं तेही सांगावं. असे बरेच फोटो टिबुकलीचे किंवा शेकाट्याचे निघतील. एखाद्या हिवाळ्यात एखादा तसा निघणार नाही, आणि तो त्याने पाठवायचा की नाही, हे आधीच्या टिबुकलीला काय उत्तर मिळालं होतं त्यावर ठरेल.