अपलाचिकोला : डॉक्टरच्या बर्फाचं गाव

फ्लोरिडातल्या टॅलाहासीहून दक्षिणेला निघालं की कितीतरी वेळ पाइनचं जंगल संपतच नाही. सरळसोट खोडं, खाली वाळूची जमीन, मध्येच काळ्या पाण्याची दलदल. पुढे रस्ता समुद्राला येऊन भिडतो आणि डाव्या हाताला मेक्सिकोचं आखात सोबतीला येतं. मेअखेरीचे दिवस होते. गाडीची काच खाली केली तशी खारी, ओली, अंगाला चिकटणारी हवा आत आली. रत्नागिरीत वाढलेल्या मला या हवेची ओळख कुणी करून द्यायला नको होती.

"आत्या, काच वर घे ना, एसी लावलाय," भाचा म्हणाला. तो इथल्या विद्यापीठात शिकतो. त्या एसीची कल्पना ज्या गावात रुजली, तिथेच आपण चाललोय, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला ते खरं वाटेना.

कॅराबेल मागे पडलं, मग ईस्टपॉइंट. इथे रस्त्याकडेला ऑयस्टरच्या शिंपल्यांचे ढीग दिसतात. मग खाडीवरचा लांबलचक पूल सुरू होतो. पुलाचं नाव जॉन गॉरी, बर्फ करणाऱ्या त्या डॉक्टरचं. फ्लोरिडाच्या या कोपऱ्यात डॉक्टरचं नाव पुलाला आहे, चौकाला आहे, संग्रहालयाला आहे. वॉशिंग्टनच्या संसद भवनात प्रत्येक राज्याच्या वतीने दोन पुतळे असतात. फ्लोरिडाने १९१४ साली त्यांतला एक याच डॉक्टरचा बसवला. जिवंतपणी मात्र त्याला यातलं काहीच मिळालं नाही.

अपलाचिकोला आज जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव आहे. रुंद रस्ते, ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ, व्हरांड्याची लाकडी घरं. गॉरी १८३३ साली इथे आला तेव्हा गावाचे दिवस भरभराटीचे होते. जॉर्जिया आणि अलाबामातला कापूस वाफेच्या बोटींनी नदीतून खाली यायचा आणि इथे जहाजांवर चढायचा. आखातावरच्या बंदरांत न्यू ऑर्लीन्स आणि मोबील सोडलं तर तिसरा क्रमांक याच गावाचा. धक्क्यावर विटांची तीनमजली गोदामं ओळीने उभी होती. त्यांतली दोनच आता शिल्लक आहेत. त्यांच्या जाड भिंतींना हात लावताना एक गोष्ट मनातून जाईना. हा सगळा कापूस गुलाम माणसांनी पिकवलेला होता. गावाची श्रीमंती त्यांच्या घामाची होती आणि तो घाम त्यांच्या नावावर कुठेच जमा झाला नाही. बर्फाची गोष्ट सांगताना हे बाजूला ठेवता येत नाही, कारण उत्तरेकडचा बर्फ या बंदरात यायचा तोही कापसाच्याच व्यापाराचा हात धरून.

गॉरी डॉक्टर होता, शिवाय पोस्टमास्तर आणि गावचा महापौरही झाला. उन्हाळा आला की गावात ताप यायचा, हिवताप आणि पिवळा ताप. १८४१ च्या साथीने गाव हादरून गेलं. हा ताप दलदलीतल्या दूषित हवेमुळे येतो असं त्या काळचं वैद्यक मानत होतं, आणि गॉरीही तेच मानत होता. दलदली बुजवा, मच्छरदाणीत झोपा, असं तो लोकांना सांगे. हिवतापाबाबत डासाचा गुन्हा उघड व्हायला १८९७ साल उजाडावं लागलं, तेही आपल्या सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉसच्या सूक्ष्मदर्शकाखाली. कारण चुकलं होतं, पण तापाने फणफणलेल्या माणसाला गारवा हवा हे गॉरीने अचूक ओळखलं होतं.

त्याने रुग्णाच्या खोलीत छताखाली बर्फाचं भांडं टांगलं. चिमणीच्या वाटेने वरून येणारी हवा त्या बर्फावरून जाई, गार होऊन जड झाली की खाली रुग्णावर उतरे आणि जमिनीलगतच्या वाटेने बाहेर पडे. व्यवस्था साधी आणि सुंदर. अडचण एकच, बर्फ आणायचा कुठून?

बर्फ न्यू इंग्लंडहून येई. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून करवतीने कापलेल्या लाद्या लाकडाच्या भुशात दाबून जहाजाने दक्षिणेला पाठवत. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने या धंद्याचं साम्राज्य उभं केलं होतं. १८३३ मध्ये त्याने 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईत आला आणि जमशेटजी जीजीभाईंच्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं गेलं. म्हणजे फोर्टातल्या शेठांच्या पेल्यातला आणि अपलाचिकोलातल्या रुग्णाच्या डोक्यावरचा बर्फ एकाच मुलखातल्या थंडीचा. फरक इतकाच की मुंबईत तो चैनीची वस्तू होता आणि या डॉक्टरला तो औषध म्हणून हवा होता. जहाज उशिरा आलं किंवा बर्फ वाटेत वितळला, तर औषध संपलं. ऐन साथीत रोग्याला ताटकळत ठेवणारी ही परावलंबी अवस्था गॉरीला सहन होईना. म्हणून त्याने बर्फ करायलाच घेतला.

संग्रहालय छोटंसं आहे. मध्यभागी त्याच्या यंत्राची प्रतिकृती. मी बराच वेळ तिच्याभोवती फिरत होते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंप तापतो, हे आपल्याला ठाऊक असतं. दाबलेली हवा तापते, आणि तीच हवा प्रसरण पावत काम करू लागली की थंड होते. गॉरीचं सगळं यंत्र या एवढ्या गोष्टीवर उभं आहे. एका नळकांड्यात हवा दाबायची, दाबतानाच आत पाण्याचा बारीक फवारा मारून तिची उष्णता काढून घ्यायची. मग ती दुसऱ्या नळकांड्यात पसरू द्यायची. हे दुसरं नळकांडं मिठाच्या पाण्यात बुडवलेलं असे. साधं पाणी ज्या थंडीत गोठतं, त्या थंडीतही खारं पाणी वाहतं राहतं. ते पुरेसं गार झालं की भांड्यातल्या गोड्या पाण्याचा बर्फ होतो. पसरणारी हवा जो जोर लावते तोही वाया जाऊ न देता दाबण्याच्या कामाला जोडलेला होता. १८४५ साली या यंत्रापायी त्याने चालता दवाखाना सोडून दिला.

मिठाच्या पाण्याशी आले तेव्हा मला रत्नागिरीचा मिरकरवाडा दिसू लागला. आमच्या बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात आजही हेच चालतं. मोठ्या हौदात मिठाचं गार पाणी, त्यात ओळीने सोडलेले पत्र्याचे डबे, डब्यांत गोडं पाणी. गारवा द्यायला आता हवेऐवजी अमोनिया असतो. दिवसभराने डबा वर काढून साध्या पाण्यात बुडवला की लादी सुटते, घसरत क्रशरकडे जाते आणि चुरा होऊन बोटीच्या खणात पडते. बर्फ नसेल तर मासळीला धीर नसतो. लिलावात व्यापारी सांगेल त्या दराला ती द्यावी लागते. बोट किती दिवस बाहेर राहणार, बांगडा कोल्हापुरात ताजा पोहोचणार की नाही, हे बर्फावर ठरतं. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यामुळे गॉरीकडे मला केवळ एका हुशार संशोधकाची गोष्ट म्हणून बघता येत नाही.

१८५० च्या १४ जुलैला गावात बर्फाची टंचाई असताना फ्रेंच वाणिज्यदूताच्या मेजवानीत गॉरीच्या यंत्राचा बर्फ आणून शॅम्पेन गार केली, अशी गोष्ट इथे अभिमानाने सांगतात. ६ मे १८५१ रोजी त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ८०८०. पण पैसा घालणारा भागीदार वारला, वर्तमानपत्रांनी टवाळी केली, दुसरा भांडवलदार मिळाला नाही. नैसर्गिक बर्फाचे व्यापारी आपल्या वाटेत काटे पेरताहेत असा त्याला संशय होता. १८५५ च्या जूनमध्ये, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षात तो गेला. सहाच वर्षांनी यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, तळ्यांचा बर्फ येणं थांबलं, आणि फर्डिनांड कारेची फ्रेंच अमोनिया यंत्रं नाकेबंदी चुकवून दक्षिणेत आणावी लागली. ज्या मातीत आधी बर्फ करून दाखवला होता, तिथे बाहेरून यंत्र चोरून आणायची वेळ आली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संग्रहालयाजवळच्या चौकात त्याचं स्मारक आहे. ते उभारलं बर्फ कारखानदारांच्या संघटनेने. पलीकडे ट्रिनिटी चर्च, ज्याचे लाकडी भाग न्यू यॉर्कमध्ये कापून जहाजाने आणले आणि इथे जोडले. त्या काळी गावाला देऊळसुद्धा उत्तरेहूनच येत होतं!

दुपारी आम्ही धक्क्यावर गेलो. कापूस गेल्यावर गावाने लाकूड कापलं, स्पंज काढले, मग ऑयस्टरवर तग धरला. फ्लोरिडातले बहुतेक ऑयस्टर एके काळी याच खाडीतले असत. पण ते इतके घटले की २०२० च्या अखेरीस इथे ते काढायला बंदी घालावी लागली. कोळंबीच्या बोटी मात्र उभ्या होत्या. एका खलाशाला विचारलं, किती बर्फ घेता? तो म्हणाला, आधी बर्फ ठरतो, मग किती दिवस बाहेर राहायचं ते. आमच्या बोटींवरचे तांडेल नेमकं हेच सांगतात.

"मिरकरवाड्यात पहिला कारखाना कुणी काढला गं?" परतताना भाच्याने विचारलं. मला सांगता आलं नाही. घरी आबांना नक्की आठवत असेल, असं त्यालाच सुचलं. मग पुलावरून जाता जाता आम्ही आबांना विचारायच्या गोष्टी जुळवू लागलो. यंत्र कुठून आणलं, वीज आली नव्हती तेव्हा ते कशावर चालायचं, पहिल्या लादीचा दर काय होता, आणि त्याआधी न खपलेल्या बांगड्याला किती मीठ लागायचं.