गोलघुमटातील कुजबुज

विजापूरच्या गोलघुमटाच्या सज्जात आम्ही प्रथम उभे राहिलो ते १९८४ साली, लग्नाला वर्षही झाले नव्हते तेव्हा. सौभाग्यवती समोरच्या बाजूस, आम्ही अलीकडे. मध्ये सुमारे ३८ मीटरांची पोकळी आणि खाली मुहम्मद आदिलशहाची कबर. भिंतीकडे तोंड करून त्यांनी हलकेच "अहो, ऐकू येतंय का?" असे विचारले आणि ते शब्द थेट आमच्या कानाशी उमटले. २०२३च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा त्याच जागी उभे राहिलो. या वेळी काहीच उमटले नाही. आम्ही सवयीने मान डोलावली.

ध्वनी हवेतून जातो म्हणजे हवा जाते असे नव्हे. एक कण शेजारच्या कणाला ढकलतो आणि स्वतः जागेवर परततो. सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. फाइल टेबलामागून टेबल ओलांडत जाते, कारकून मात्र आपल्या खुर्चीतच असतो! हा धक्का २० अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने पुढे सरकतो. म्हणून घुमटात वाजविलेली टाळी समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला साधारण पाव सेकंदही लागत नाही, आणि ती पुनःपुन्हा ऐकू येते.

कुजबुजीची गोष्ट निराळी. मोकळ्या जागेत ध्वनी चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाईवर येते. अंतर्वक्र भिंतीलगत मात्र तो लहान लहान उड्या घेत भिंतीला धरूनच पुढे जातो, त्यामुळे फारसा विरत नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील अशाच सज्जाचे हे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी दिले. १९२१ साली आपल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीही तेथे प्रयोग केले. तरंगलांबी जितकी आखूड, तितका ध्वनी भिंतीला अधिक बिलगतो. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसता श्वास घासतो; त्यामुळे तीत उच्च कंप्रतेचे आखूड तरंगच अधिक. म्हणून मोठ्याने बोलण्यापेक्षा कुजबुजच येथे स्वच्छ पोहोचते.

प्रथम आम्ही दोष दिला तो शाळेच्या सहलीच्या गलक्याला. पण आमची कुजबुज सौभाग्यवतींना अक्षरशः ऐकू गेली होती. वाट तीच, भिंत तीच, गलकाही तोच. वळसा घालून त्या आमच्यापाशी आल्या नि म्हणाल्या, "मी काय विचारलं, सांगा बघू." आम्ही निरुत्तर! "कानाच्या डॉक्टरांकडे याल का, असं विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

वयपरत्वे अंतःकर्णातील केसपेशी झडू लागतात, आणि उच्च कंप्रता टिपणाऱ्या पेशी सर्वांत आधी जातात. तपासणीच्या आलेखात आमची रेघ उजवीकडे पार खाली घसरलेली होती. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे आम्ही दोन-तीन वर्षे अंदाजानेच भरून काढीत होतो, आणि जेथे अंदाज चालत नसे तेथे मान डोलावीत होतो. घरातले संवाद का आटत चालले, याचे खापर मात्र आम्ही दूरदर्शन मालिकांवर फोडीत आलो.

आता कानात यंत्र आहे. पंख्याची घरघर नकोशी होते. मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम पुन्हा आमच्याकडे आले आहे.